ऑनलाइन तासाला पेन्सिल कुणाच्या हातात?

रविवारी सकाळी दहाला बी.एस्सी.च्या दूरशिक्षणाचा ऑनलाइन तास सुरू होतो. 'आवाज येतोय का?' हे तीनदा विचारून होतं, मग स्लाइड क्रमांक एक. पंच्याऐंशी मिनिटांनी 'काही शंका?' असा प्रश्न येतो. चार सेकंद शांतता. 'मग सगळ्यांना समजलंय असं धरतो.' चॅटमध्ये 'थँक्यू सर'ची रांग लागते आणि खोली रिकामी होते. हजेरीत एकशे ऐंशी नावं असतात, अहवालात 'परस्परसंवादी सत्र' असं लिहिलं जातं. त्या दीड तासात किती जणांनी वहीत एक ओळ तरी लिहिली हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तसं विचारणारा रकानाच अहवालात नसतो.

विज्ञानाच्या दूरशिक्षणात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी समोरासमोर असण्याचा तास ही सगळ्यांत महाग वस्तू आहे. पुस्तक घरी येतं. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं २०१७पासून 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर फुकट आहेत, यूट्यूबवर तर ढिगाने आहेत. ती थांबवून, मागे नेऊन, दीडपट वेगाने पाहता येतात. त्यामुळे थेट तासात पुन्हा व्याख्यानच देणं म्हणजे पाण्याच्या टँकरने अंगण धुण्यासारखं आहे. या तासाचं काम एकच: विद्यार्थी कुठे चुकतो ते तो चुकत असतानाच पाहणं. पुस्तकाला ते जमत नाही, व्हिडिओलाही नाही. हे मान्य केलं तर मुक्त विद्यापीठांना गटाचा आकार, तासाची आखणी आणि समंत्रकांच्या (अभ्यासकेंद्रांच्या शिक्षकांच्या) मानधनाचा हिशेब, तिन्ही बदलावे लागतील.

मागचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झालं आणि १९७१मध्ये तिथे शिकवणं सुरू झालं. लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची बीबीसीवरची व्याख्यानं. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या घरी प्रयोगसाहित्याचा खोकाही जात असे, त्यात हातात मावणारा छोटा सूक्ष्मदर्शक असे, आणि विद्यार्थ्यांच्या लहान गटाला एक ट्यूटर नेमलेला असे. टीव्ही हा त्या रचनेचा एक भाग होता, सगळी रचना नव्हती. आपल्याकडे हैदराबादला १९८२ साली पहिलं मुक्त विद्यापीठ आलं, १९८५मध्ये इग्नू, १९८९मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र आणि समंत्रक हे शब्द तेव्हापासून रुळले. २००४च्या सप्टेंबरमध्ये खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडला गेला. त्यातली सोय अशी की चित्र एका बाजूने जाणार आणि आवाज दोन्ही बाजूंनी. म्हणजे स्टुडिओत एक प्राध्यापक आणि अनेक केंद्रांवर ऐकणारे. आज उपग्रहाची जागा मोबाइल डेटाने घेतली, पण तासाचा नकाशा तोच राहिला.

याऐवजी काय करायचं ते एका साध्या प्रयोगावर दाखवता येतं. साधा लंबक. सत्राच्या तीन दिवस आधी एक पानी सूचना पाठवायची: शिवणाचा जाड दोरा, एक कुलूप, मोजपट्टी आणि फोनमधलं स्टॉपवॉच घ्या. दोरा खिळ्याला बांधा, खिळ्यापासून एक मीटर लांबी ठेवा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजा, गुरुत्वीय त्वरण काढा आणि आलेला आकडा सत्राच्या आदल्या रात्रीपर्यंत सामायिक तक्त्यात भरा. एवढंच. 'लंबकाचा आवर्तकाल' यावर एकही स्लाइड लागत नाही.

एक मीटरच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी सुमारे ४०.१ सेकंद लागतात आणि उत्तर ९.८च्या आसपास यायला हवं. चोवीस जणांच्या तक्त्यात मात्र १०.९, ९.६, ९.५ असे आकडे येतात. एखादा ३९सुद्धा असतो. अनुभवी समंत्रकाला यातला प्रत्येक आकडा वाचता येतो. १०.९ आलं त्याने लंबक सोडतानाच 'एक' म्हटलं. म्हणजे प्रत्यक्षात एकोणीस आंदोलनं झाली, वेळ ३८.१ सेकंद भरली आणि भागाकार मात्र विसाने झाला. ९.६वाल्याने दोऱ्याची लांबी कुलपाच्या कडीपर्यंत मोजली. कुलपाचा मध्य आणखी दोन सेंटिमीटर खाली होता. ९.५वाल्याने लंबक फार लांब ओढून, तीसेक अंशांवरून सोडला. दहा अंशांसाठी एक मीटरच्या दोऱ्याला फक्त सतरा सेंटिमीटर बाजूला नेणं पुरतं. आणि ३९ म्हणजे चौपट उत्तर: जाणं एक आणि येणं दुसरं, असं मोजलं.

आता सत्रात काय करायचं? 'तुमचं चुकलं' म्हणायचं नाही आणि बरोबर रीतही लगेच सांगायची नाही. १०.९वाल्याला एवढंच विचारायचं: 'सोडताना तोंडातून कोणता आकडा निघाला?' तो मनात पुन्हा लंबक सोडतो, 'एक' म्हणतो, आणि बहुतेक वेळा पुढचं वाक्य त्याचं त्यालाच सुचतं. बाकीचे तेवीस जण हे ऐकत असतात आणि स्वतःची वही उघडून बघतात. यानंतर 'सगळ्यांच्याच स्टॉपवॉचला ०.२ सेकंद उशीर होत असेल तर एकच आंदोलन मोजण्यापेक्षा वीस का मोजावीत?' हा प्रश्न टाकायचा. एका आंदोलनात दोन सेकंदांवर ०.२ म्हणजे दहा टक्के, आणि उत्तरात आवर्तकालाचा वर्ग येत असल्यामुळे वीस टक्के चूक. वीस आंदोलनांत तीच चूक एका टक्क्यावर येते. त्रुटिविश्लेषणाचा चाळीस मिनिटांचा रटाळ धडा इथे आठ मिनिटांत होतो, कारण आकडे विद्यार्थ्यांचे स्वतःचे असतात.

प्रत्येक विषयात असं कुलूप टांगता येत नाही हे खरं. तिथे बहुपर्यायी प्रश्न कामाला येतो, पण तो परीक्षेतल्यासारखा नको. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेला असावा, उगाच भरलेला नसावा. रसायनशास्त्रातलं जुनं उदाहरण घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण, संहती १०चा उणे ८वा घात मोलर. पीएच किती? पर्याय: ८, ७, ६.९८, ६. आठ म्हणणाऱ्याने सूत्र अगदी बरोबर लावलं आहे. फक्त पाण्यात आम्ल टाकून त्याने अल्क तयार केलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सात म्हणणाऱ्याला पाण्याची आठवण झाली, पण आम्ल तो पार विसरला. ६.९८ला पोचायचं तर पाण्यातून येणारे हायड्रोजन आयन आणि आम्लातले आयन दोन्ही धरून वर्गसमीकरण सोडवावं लागतं. सहा निवडणारा बहुधा अंदाजाने ठोकून देतो. चार पर्यायांमागे चार वेगळी डोकी आहेत. मतदानाचा निकाल पाहून पुढची दहा मिनिटं कशी घालवायची ते ठरतं.

त्याचा साधा नियम हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांच्या पद्धतीतून घेता येतो. १९९०च्या दशकापासून ती जगभर वापरली जाते. बरोबर उत्तरं साधारण तीस टक्क्यांपेक्षा कमी असतील तर संकल्पनाच पोचलेली नाही, पाच मिनिटं समजावून सांगा. सत्तरच्या वर असतील तर दोन वाक्यांत आटोपून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असतील तर स्वतः गप्प बसा आणि विद्यार्थ्यांना आपापसात वाद घालू द्या, मग पुन्हा मतदान घ्या. शिक्षकाला सगळ्यांत जड जातो तो हा मधला पट्टा, कारण बोलायची सवय जात नाही.

मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत गैरसमजांचा एक साठा भाषेतच आहे, आणि तो परक्या प्रश्नसंचांत सापडणार नाही. आपण बाजारात 'वजन किती?' विचारतो आणि उत्तर किलोत घेतो, त्यामुळे वस्तुमान आणि वजन यांतला फरक पाठ होतो पण मुरत नाही. रोजच्या बोलण्यात 'वेग' म्हणजे चाल; त्यामुळे वर्तुळात एकसमान चालीने फिरणाऱ्या गाडीचा वेग बदलतो हे विधान कानाला खोटं वाटतं. त्यात दहावीपर्यंत 'संवेग' आणि 'त्वरण' शिकलेला विद्यार्थी अकरावीला अचानक 'मोमेंटम' आणि 'ॲक्सलरेशन'मध्ये जातो, आणि पदवीची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. सत्रात दोन्ही शब्द सुरुवातीलाच एकदा एकत्र उच्चारावेत आणि चॅटमध्ये कोण कुठल्या भाषेत, कुठल्या लिपीत लिहितं याची उठाठेव करू नये. रोमन लिपीतलं मोडकंतोडकं 'सर वेलोसिटी झिरो म्हणून ॲक्स पण झिरो ना' हे वाक्य समंत्रकासाठी सोनं आहे. वर फेकलेल्या चेंडूचं टोकावरचं त्वरण किती, या प्रश्नाचं जगभरचं सर्वांत प्रिय चुकीचं उत्तर त्यात आहे. शुद्धलेखन सुधारायला गेलात तर असं वाक्य पुन्हा येणार नाही.

आता यंत्रणेकडे. इथे चुका क्षुल्लक दिसतात, पण तास बुडतो त्यांच्यामुळेच.

पहिली गोष्ट, विद्यार्थी फोनवर आहे. सहा इंचांचा पडदा, आणि दिवसाला एक-दीड जीबीची मर्यादा, त्यात घरातल्या इतरांचाही वाटा. सेकंदाला ६०० किलोबिटने येणारा व्हिडिओ तासाला सुमारे २७० एमबी खातो. नुसता आवाज ४० किलोबिटने आला तर १८ एमबी. म्हणून शिक्षकाचा चेहरा पहिली दोन मिनिटं दिसावा आणि मग बंद व्हावा. चेहऱ्यापेक्षा फळा महत्त्वाचा. स्लाइड 'स्क्रीन शेअर' करून दाखवली तर ती व्हिडिओ म्हणून जाते, जोडणी मंदावली की घातांक आणि पादांक पुसट होतात, आणि वर्ग आहे की घन हे कळत नाही. तीच पीडीएफ सत्राच्या फळ्यावर आधी चढवली तर ती एकदाच उतरते आणि ठळक दिसते. 'बिगब्लूबटन'सारख्या ऑनलाइन वर्गाच्या मुक्त प्रणालीत ही सोय आहे, आणि ती अभ्यासक्रम चालवणाऱ्या 'मूडल' प्रणालीला जोडता येते. एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त नको, अक्षर तीस पॉइंटच्या खाली नको. वहीचे फोटो काढून बनवलेली वीस-वीस एमबीची पीडीएफ पाठवणं तर बंदच करावं.

समंत्रकाने स्वतःचा दुसरा फोन मोबाइल डेटावर ठेवून विद्यार्थी म्हणून लॉगिन करावं, आवाज बंद करून. आपल्या लॅपटॉपवर सुंदर दिसणारं समीकरण तिथे कसं दिसतं ते कळतं आणि आवाज किती सेकंद उशिरा पोचतो तेही. ही एक सवय लागली तर निम्म्या तक्रारी येण्याआधीच मिटतात.

लिहिण्यासाठी पेन टॅबलेट असेल तर उत्तम. नसेल तर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर फोन आडवा ठेवून कॅमेरा खालच्या कागदावर धरावा. कागदावर पेन्सिल नको, जाड काळं स्केचपेन. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी चालू ओळीवर पडते. पांढऱ्या कागदामुळे फोन आपोआप चित्र काळवंडतो. कागदावर बोट दाबून धरलं की प्रकाश कायम करता येतो. हेडफोन वायरचा असावा. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की अनेकदा आवाजाची प्रत घसरते, आणि तासाच्या ऐन मध्यात त्याची बॅटरी संपते ती वेगळीच.

विद्यार्थ्याला फोनवर समाकलनाचं चिन्ह टाइप करता येत नाही, हे अनेक प्रणाली बनवणाऱ्यांच्या गावीही नसतं. म्हणून उत्तर मागतानाच ते एका आकड्यात, एका अक्षरात किंवा आलेखावरच्या एका खुणेत मावेल असा प्रश्न विचारावा. पूर्ण गणित हवं असेल तर वहीचा फोटो. आलेखावर खूण करण्याचा प्रकार विशेष उपयोगी: फळ्यावर अक्ष काढून ठेवायचे आणि 'जास्तीत जास्त वेग कुठे आहे, तिथे टिंब द्या' म्हणायचं. चोवीस टिंबं दोन ठिकाणी गोळा होतात, आणि त्या दोन पुंजक्यांतलं अंतर हाच पुढचा विषय होतो. पहिली अशी कृती पहिल्या तीन मिनिटांत करून घ्यावी, अगदी सोपी. सुरुवातीला ज्याचं बोट हललं नाही त्याचं पुढेही सहसा हलत नाही.

चॅटमध्ये दोन हुशार विद्यार्थी वीस सेकंदांत उत्तर टाकतात आणि बाकीचे तेच उतरवतात. यावर उपाय: 'लिहा, पण पाठवू नका, मी "सोडा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम सोडा.' मतदानातही निकालाचे स्तंभ सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत झाकून ठेवावेत, नाहीतर पहिल्या पाच जणांचं मत हेच वर्गाचं मत ठरतं. आणि वेळ द्यावा. वर्गात प्रश्नानंतर तीन सेकंद थांबणंही शिक्षकाला जमत नाही. इथे तर आवाज उशिरा पोचतो, वहीत हिशेब करायचा असतो आणि मग अंगठ्याने टाइप करायचं असतं. नव्वद सेकंद लागतातच. ही शांतता दोन्ही बाजूंना भीतिदायक वाटते, म्हणून आधी सांगून टाकावं: 'आता मी दीड मिनिट गप्प बसणार आहे, नेट गेलेलं नाही.'

गटचर्चेच्या वेगळ्या खोल्या हा प्रकार जितका गाजतो तितका फसतो. 'चर्चा करा' एवढीच सूचना असेल तर चार जण एकमेकांचा श्वास ऐकत बसतात, आणि खोल्या पाडणार म्हटल्यावर काही जण बाहेरच पडतात. तीन किंवा चार जण, आठ मिनिटं, एकच लेखी काम, प्रत्येक खोलीला फळ्याचं स्वतःचं पान, आणि लिहिणारा कोण ते आधीच ठरलेलं. सोपा नियम म्हणजे ज्याचं नाव यादीत पहिलं तो लिहील. एवढं नसेल तर त्या खोल्या पाडूच नयेत. वर्षाच्या पहिल्या दोन सत्रांत तर नकोतच. ओळख नसताना कुणी बोलत नाही.

कॅमेऱ्याच्या सक्तीला आमचा सरळ विरोध आहे. एका खोलीच्या घरात, मागे टीव्ही आणि सासूबाई असताना, तिशीतली विद्यार्थिनी चेहरा दाखवायला तयार नसेल तर तो तिचा हक्क आहे. लक्ष आहे की नाही हे तिच्या टिंबावरून कळतं, चेहऱ्यावरून नाही.

रेकॉर्डिंगचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. एमआयडीसीत काम करणाऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते. दुपारी तीन ते रात्री अकरा असेल त्या आठवड्यात रात्री साडेआठचं सत्र त्याच्या हाती लागत नाही. त्याला काहीतरी मिळायलाच हवं. पण सत्र रेकॉर्ड होतंय म्हटलं की चुकीचं उत्तर द्यायला कुणी धजत नाही, आणि चुकीची उत्तरं नसतील तर सत्राला अर्थ उरत नाही. शिवाय दुसऱ्यांची चर्चा नंतर पाहणं म्हणजे दुसऱ्याने खाल्लेल्या जेवणाचे फोटो पाहणं. आमच्या मते चर्चा रेकॉर्ड करू नये. त्याऐवजी एकच सत्र आठवड्यात दोनदा घ्यावं, एकदा बुधवारी रात्री आणि एकदा रविवारी सकाळी. सत्र संपल्यावर समंत्रकाने कुणाचंही नाव न घेता 'आज या तीन चुका दिसल्या' असं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि सोडवलेल्या पानांचे फोटो पाठवावेत. वीज गेली म्हणून, टॉवर बंद पडला म्हणून अर्ध्यात गळालेल्यांनाही तेच उपयोगी पडतं.

प्रयोगशाळेचं काय? केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचा 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्प आहे, कोलोरॅडो विद्यापीठाची २००२पासूनची 'फेट' अनुरूपणं (सिम्युलेशन्स) आहेत. ती वापरावीतच. पण पडद्यावरच्या ब्युरेटच्या (थेंबाथेंबाने द्रावण सोडायच्या खुणांच्या नळीच्या) टोकाशी हवेचा बुडबुडा कधी अडकत नाही, डोळा वरखाली झाला म्हणून वाचन बदलत नाही, आणि फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू उडून जात नाही. त्यामुळे ती प्रयोगशाळेच्या जागी चालणार नाहीत. ऑनलाइन सत्राने प्रात्यक्षिकाच्या शिबिराआधीचा आठवडा मात्र पकडावा. ब्युरेटचे तीन वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो दाखवून वाचन विचारा. गुलाबी रंगाच्या तीन छटा दाखवून 'कुठे थांबाल?' विचारा, अर्धा मिनिट टिकणारा फिका गुलाबी हे उत्तर आहे, पण गडद छटेलाही भरपूर मतं पडतात. मग १०.४, १०.१, १०.१ मिलिलिटर अशी तीन वाचनं द्या आणि पहिलं जास्त का आलं ते विचारा. बुडबुडा पहिल्याच वेळी निघून गेला असेल, किंवा पहिल्या वेळी घाईत नळी जास्त सुटली असेल. दोन्ही उत्तरं ग्राह्य आहेत, आणि कोणतं ते कसं ओळखाल यावर वाद होऊ शकतो. असा विद्यार्थी शिबिरात गेला की पहिला दिवस उपकरणांची नावं शिकण्यात जात नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: विद्यार्थ्यांनाच व्याख्यान हवं असतं, परीक्षेआधी तर 'महत्त्वाचे प्रश्न' हवे असतात. मागणी खरी आहे आणि तिला नाक मुरडण्याचं कारण नाही. नोकरी, घर सांभाळून शिकणाऱ्याला परीक्षा पास व्हायचीच आहे. म्हणून मागच्या परीक्षेतलाच प्रश्न घ्यावा, त्याची पहिली ओळ सगळ्यांकडून लिहून घ्यावी आणि कोण कुठे अडकलं ते पाहावं. परीक्षेची तयारी आणि समजणं यांत भांडण लावण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो गंभीर आहे: पंचवीस-पंचवीसचे गट कोणाला परवडणार? हिशेब मांडून पाहू. समजा एका विषयाला दोनशे विद्यार्थी आहेत आणि आठ अभ्यासकेंद्रांवर प्रत्येकी बारा तास व्याख्यान होतं. एकूण ९६ तासांचं मानधन, आणि आठ ठिकाणी जवळपास तेच बोललं जातं. आता व्याख्यान एकदाच रेकॉर्ड करू किंवा आहे ते वापरू. पंचवीसचे आठ गट, प्रत्येकाला एकेका तासाची सहा थेट सत्रं: ४८ तास. सहा सत्रांचे प्रश्नसंच एकदाच बनवायचे, प्रत्येकी चार तासांचं मानधन धरलं तर २४ तास. प्रत्येक सत्राला एक सहायक, जो चॅट पाहील, गळालेल्यांना फोन करेल, मतदान चालवेल. त्याला निम्मं मानधन म्हणजे आणखी २४. बेरीज पुन्हा ९६. बुधवार-रविवारची सोयही यात बसते: आठपैकी चार गट बुधवारचे, चार रविवारचे, आणि पाळी बदललेल्याला त्या आठवड्यापुरतं दुसरीकडे बसू द्यायचं. रेकॉर्डिंगचा एकदाचा खर्च सोडला तर पैसे तेवढेच लागतात, फक्त ते 'बोलण्याचे तास' या एकाच रकान्यातून बाहेर काढावे लागतात. आजच्या पद्धतीत प्रश्न तयार करणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि स्लाइड वाचणाऱ्याला पूर्ण मानधन मिळतं. मग लोक स्लाइडच वाचणार.

आणि दोनशे जणांना एकत्र बसवून हे सगळं करता येईल का? नाही. नव्वद सेकंदांत दोनशे उत्तरं म्हणजे सेकंदाला दोनहून जास्त. कुणीच ती वाचू शकत नाही. मतदानाची टक्केवारी दिसेल, पण 'सोडताना कोणता आकडा म्हणालात?' हा प्रश्न कुणाला विचारायचा ते कळणार नाही.

सुरुवात एका विषयापासून करावी, पहिल्या वर्षाच्या यांत्रिकीपासून किंवा भौतिक रसायनशास्त्रापासून, आणि परीक्षेच्या तोंडावर नाही तर सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात. सहा बैठकांना प्रत्येकी पाच, म्हणजे तीस प्रश्न. तीन प्राध्यापकांचं आठवडाभराचं काम. अहवालात हजेरीसोबत दोनच रकाने वाढवावेत: किती जणांनी उत्तर दिलं आणि कोणतं चुकीचं उत्तर सर्वाधिक आलं. दुसऱ्या वर्षी तीसपैकी दहाएक प्रश्न बदलावे लागतील, कारण तोवर पहिल्या वर्षाची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरत असतील. लंबक मात्र तसाच ठेवता येईल. फक्त दोऱ्याची लांबी नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून ठरवायची: ८० सेंटिमीटर, अधिक त्या अंकाची दुप्पट. मग शेजाऱ्याच्या सेकंदांचा आकडा उतरवून घेतला तर तक्त्यात ते लगेच दिसतं.